भारतीय बचाव अजून खेळण्याजोगा आहे काय?

ज्या बचावाला सारें बुद्धिबळाचें जग ‘भारतीय’ म्हणून ओळखतें, तोच शिकवावयाची वेळ आली म्हणजे भारतांतील पुष्कळ शिक्षक आज कां कूं करूं लागतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत रविवारीं एखाद्या शाळेच्या सभागृहांत जलद बुद्धिबळाच्या स्पर्धा भरतात. आंत मुलें घड्याळें दाबीत असतात. बाहेर व्हरांड्यांत आईबाप डबे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळीत बसलेले असतात. फेरी संपवून एखादा मुलगा हिरमुसल्या तोंडानें बाहेर येतो आणि ‘काळ्या सोंगट्या होत्या, किंग्ज इंडियन खेळलों, हरलों’ असें सांगतो. लगेच कोणाच्या तरी खिशांतून मोबाइल निघतो. त्यांतला संगणक क्षणार्धांत आंकडा दाखवितो, आणि त्या आंकड्यावरून निकाल लागतो कीं हा बचाव आतां जुना झाला. उद्यांपासून दुसरा शिकावा.

हा निकाल एका मुलापुरता नाहीं. त्या मुलानें दोन वर्षें एका बचावावर घालविलेलीं असतात. त्याच्या खेळ्या, त्यांतले धोके, त्यांतल्या नेहमींच्या मांडण्या त्याच्या अंगवळणीं पडलेल्या असतात. तें सारें एका आंकड्यासरशीं टाकून द्यावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न त्या घरापुरता तरी लहान नव्हे. बुद्धिबळाच्या खेळालाही तो लहान नाहीं. कारण बचाव चुकीचा ठरणें आणि बचाव मागें पडणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत, आणि संगणकाच्या काळांत त्यांची गल्लत फार सहज होते.

ज्याच्यापाशीं पट असेल त्यानें तो पुढें ओढावा. पांढरा वजिरापुढचें प्यादें दोन घरें सरकवितो. काळा त्याला प्याद्यानें अडवीत नाहीं. तो राजाकडचा घोडा बाहेर काढतो. पांढरा वजिराकडच्या उंटापुढचें प्यादें दोन घरें टाकतो. काळा राजाकडच्या घोड्यापुढचें प्यादें एकच घर सरकवितो. पांढऱ्याचा वजिराकडचा घोडा बाहेर पडतो, तेव्हां काळा मोकळ्या झालेल्या घरांत आपला उंट आणून बसवितो. पांढरा आतां राजापुढचेंही प्यादें दोन घरें हांकतो. काळा वजिरापुढचें प्यादें पुढें करतो, तेंही एकच घर. आणि पुढच्या खेळीला राजाला कोटांत नेतो. पांच खेळ्या झाल्या. पांढऱ्याचीं तीन प्यादीं पटाच्या मध्यावर खांद्याला खांदा लावून उभीं आहेत, आणि काळ्याची एकही सोंगटी आपल्या तिसऱ्या ओळीपलीकडे गेलेली नाहीं.

पाहणाऱ्याला वाटतें कीं काळ्यानें मैदान सोडलें. तसें तें खरोखरच सोडलेलें असतें, पण हेतुपुरस्सर. मध्यावर उभें राहिलेलें प्यादें सांभाळावें लागतें; त्याला मागें येतां येत नाहीं. काळा तें ओझें शत्रूच्या डोक्यावर देतो, आपला राजा सुरक्षित करतो, आणि मग राजापुढचें किंवा उंटापुढचें प्यादें मध्यांत घालून त्या रांगेला धडक देतो. कोपऱ्याजवळ बसलेला उंट त्या धडकेची वाट पाहत असतो.

ही कल्पना येथें कशी उपजली, हें आपल्या देशी खेळाच्या नियमांकडे पाहिलें म्हणजे उमगतें. देशी पद्धतींत प्रांतोप्रांतीं थोडथोडा फरक होता. परंतु प्याद्यानें पहिल्याच खेळीला दोन घरें उडी मारण्याची मुभा सर्रास नव्हती. प्यादें एक एक घर चाले. राजाला आजच्यासारखा कोट नव्हता. त्याला डावांत एकदां घोड्याची चाल चालतां येई. अशा खेळांत मध्यावर घाईनें चालून जाणें शक्यच नसे. घोडे आधीं बाहेर पडत, प्यादीं त्यांच्या आश्रयानें घराघरानें सरकत, आणि उंटाला वाट हवी तर घोड्यापुढचें प्यादें एक घर पुढें करणें ही अगदीं स्वाभाविक गोष्ट होती. ज्याला युरोपांतील लोक पुढें मोठा नवा विचार म्हणूं लागले, ती येथल्या ओट्यांवर बसणाऱ्यांची साधी संवय होती.

या संवयीची लेखी नोंद मात्र एका साहेबामुळें राहिली. जॉन कॉक्रेन हा इंग्लंडांतील नामांकित खेळाडू कलकत्त्यास वकिली करीत होता. तेथें त्याची गांठ महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली ब्राह्मणाशीं पडली. १८४८ पासून पुढें कांहीं वर्षें दोघे शेंकडों डाव खेळले. कॉक्रेन पुष्कळ वेळां जिंके. परंतु महेशचंद्र ज्या तऱ्हेनें काळ्या सोंगट्या मांडी, ती तऱ्हा युरोपांतील पुस्तकांत नव्हती. १८८४ पर्यंत ‘इंडियन डिफेन्स’ हें नांव इंग्रजी बुद्धिबळांत छापून येऊं लागलें होतें, आणि तें महेशचंद्रांच्या खेळावरूनच पडलें असें मानतात. ऑस्ट्रियाचा अर्न्स्ट ग्रूनफेल्ड यानें १९२२ सालीं जो बचाव पुढें आणला आणि जो आज त्याच्या नांवानें चालतो, तो देखील १८५५ च्या एका डावांत महेशचंद्रांनीं कॉक्रेनविरुद्ध खेळलेला आहे. तो डाव ते हरले. बचावाला हरणाऱ्याचें नांव मिळत नसतें, हें त्याचें कारण असावें.

पण दुसरा एक डाव आहे, आणि तो पटावर मांडून पाहण्यासारखा आहे. कॉक्रेननें मध्यावर तीन नव्हे, चार प्यादीं आणून उभीं केलीं. महेशचंद्रांनीं राजाकडच्या कोपऱ्यांत उंट बसविला, राजाला कोटांत नेलें, दुसरा उंट बाहेर काढून पांढऱ्याच्या घोड्यावर लावला, आणि मग राजापुढचें प्यादें दोन घरें टाकून त्या चार प्याद्यांच्या भिंतीवर आघात केला. दोन खेळ्यांनंतर त्यांनीं एक घोडा बळी दिला. थोड्याच वेळांत वजीरही मारूं दिला. वजीर घेऊन कॉक्रेन श्रीमंत झाला नाहीं. कारण तोंवर काळ्याचें एक प्यादें त्याच्या राजाच्या अंगणांत शिरलें होतें आणि त्याचा स्वतःचा वजीर पटावरून उठला होता. डाव महेशचंद्रांनीं जिंकला. पुढें १९६० सालीं लायपझिग येथील ऑलिंपियाडमध्यें चिलीचा लेतेलिये यानें सतरा वर्षांच्या बॉबी फिशरपुढें अशींच प्यादीं हांकलीं. पांचव्याच खेळीला त्याचें राजाचें प्यादें पांचव्या ओळींत जाऊन पोंचलें होतें. फिशरनें तीं एकेक करून पोंखरलीं, आणि तेविसाव्या खेळीला आपला वजीर पांढऱ्या राजापुढें नेऊन ठेवला. तो घेतला तर उंटाची मात होती. लेतेलियेनें डाव सोडला. दोन डावांमध्यें शंभरांहून अधिक वर्षें आहेत, आणि दोन्हींतला विचार एकच आहे.

यावरून कोणी असें म्हणेल कीं बचाव भारतीय आहे, सबब भारतीयानें तो खेळलाच पाहिजे. हें म्हणणें टाळ्या मिळविणारें असलें तरी पटावर निरुपयोगी आहे. पट कोणाची जात, प्रांत वा पताका विचारीत नाहीं. देशी खेळांतून विलायती खेळांत येतांना आपल्या खेळाडूंना केवढी किंमत द्यावी लागली, हें पाहिलें तर असला अभिमान थोडा शांत होईल. ही हालचाल फार जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथावरून केलेलें, युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेलें इंग्रजी पुस्तक मुंबईंत १८१४ सालींच छापलें गेलें होतें. म्हणजे पेशवाई अजून उभी होती. तरीही पुढें शतकभर खेड्यापाड्यांतला खेळ देशीच राहिला.

पंजाबचा मीर सुलतानखान हें त्याचें मोठें उदाहरण. बापाकडून देशी खेळ शिकलेला हा मनुष्य विलायती नियम विशींत शिकला, सर उमर हयातखानांबरोबर १९२९ सालीं लंडनला गेला आणि त्याच वर्षीं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. १९३२ व १९३३ सालीं तें त्यानें पुन्हां जिंकलें. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेंत त्यानें कॅपाब्लांकालाही हरविलें. डावाचा आरंभ हीच त्याची दुबळी बाजू आहे, हें त्याचे प्रतिस्पर्धीही ओळखून होते. पुस्तकी खेळ्या त्याला ठाऊक नसत. मध्यडावांत आणि शेवटच्या डावांत तो त्या तोट्याची भरपाई करी. भारतांत परतल्यावर १९३५ सालीं तो व्ही. के. खाडिलकर यांच्याशीं दहा डाव खेळला. त्यांतला एक बरोबरींत सुटला आणि बाकीचे नऊ सुलतानखानानें जिंकले. खाडिलकर हे कांहीं लेंचेपेंचे खेळाडू नव्हते. जागतिक बुद्धिबळ संघटनेनें सुलतानखानाला सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनीं. आरंभांत मागें पडूनही डाव जिंकतां येतो, एवढें त्याच्या चरित्रावरून ठरतें. मात्र त्यासाठीं पुढचा खेळ सुलतानखानासारखा यावा लागतो, हेंही त्यांतच आलें.

आतां या बचावाच्या भरभराटीचा काळ पाहावा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधींपर्यंत युरोपांतील पंडित त्याकडे संशयानें पाहत. मध्यभाग शत्रूला देणारा बचाव त्यांना बेशिस्त वाटे. बोलेस्लाव्हस्की आणि ब्रॉन्स्टाइन या सोव्हिएट खेळाडूंनीं तो हातीं घेतला आणि दहा वर्षांत त्याचें रूप पालटून टाकलें. १९५३ सालच्या झ्यूरिकच्या उमेदवार स्पर्धेंत तो पटापटांवर दिसत होता. त्याच वर्षीं अर्जेंटिनांतील मार देल प्लाता या गांवीं नायडॉर्फविरुद्ध ग्लिगोरिचनें काळ्या सोंगट्यांनीं जो डाव जिंकला, त्यावरून या बचावाच्या मुख्य शाखेला त्या गांवाचें नांव पडलें.

त्या शाखेंत काय घडतें, हें नीट समजून घेतल्याशिवाय मूळ प्रश्नाचें उत्तर देतां येणार नाहीं. सातव्या आठव्या खेळीच्या सुमारास काळ्यानें राजापुढचें प्यादें मध्यांत टाकलेलें असतें, आणि पांढरा तें न मारतां आपलें वजिरापुढचें प्यादें पुढें दामटतो. मध्यभाग बंद होतो. दोन्हीकडचीं प्यादीं शिंगांत शिंगें अडकवून उभीं राहतात, आणि पटाचे दोन मुलूख होतात. वजिराच्या बाजूचा मुलूख पांढऱ्याचा; तेथें त्याची जागा अधिक आहे. राजाच्या बाजूचा मुलूख काळ्याचा. तेथें त्याचीं प्यादीं पुढें जाऊं शकतात. पांढरा तिकडे फळी फोडावयास निघतो, काळा इकडे. दोघांनाही एकमेकांना अडविण्यास वेळ नसतो. जो थांबला तो मागें राहिला. काळा उंटापुढचें प्यादें दोन घरें टाकतो, मग आणखी एक घर. त्याच्या पाठोपाठ घोड्यापुढचें प्यादें निघतें, मग हत्तीपुढचें. ज्या प्याद्यांनीं आपल्या राजाला झांकावयाचें तींच तो शत्रूच्या राजावर सोडतो. घरदार उघडें टाकून सगळे पुरुष लढाईस गेल्यासारखा तो प्रकार असतो.

या शर्यतींत एक विषमता आहे, आणि या बचावाचें सारें मर्म तींत सांठवलेलें आहे. पांढरा अगोदर पोंचला तर त्याला एखादें प्यादें मिळतें, फार तर एखादी मोठी सोंगटी. काळा अगोदर पोंचला तर त्याला राजा मिळतो. म्हणून पांढऱ्याची एक चूक आणि काळ्याची एक चूक यांचें वजन सारखें नसतें. १९८९ सालीं टिलबर्ग येथें पिकेटविरुद्ध कास्पारोव्हनें जिंकलेला डाव या गोष्टीचा नमुना आहे. पिकेटची फौज वजिराच्या बाजूनें आंत घुसली होती. तरी त्याच्या राजाची सुटका झाली नाहीं. २०१० सालीं बुर्सा येथें गेलफांडसारख्या कसलेल्या खेळाडूला नाकामुरानें याच शाखेंत चीत केलें. गेलफांड पुढें दोन वर्षांनीं विश्वविजेतेपदाच्या सामन्यांत विश्वनाथन आनंदसमोर बसला होता. तो कांहीं नवशिका नव्हता.

मग उतरती कळा लागली ती कशानें? क्रामनिकनें पांढऱ्याच्या बाजूनें एक जुनीच खेळी नव्या निश्चयानें वापरावयास सुरुवात केली. मध्यभाग बंद होतांच नवव्या खेळीला वजिराकडच्या घोड्यापुढचें प्यादें दोन घरें पुढें. तिला संगिनीचा हल्ला म्हणतात. पूर्वीं पांढरा या वेळीं राजाकडचा घोडा मागें घेऊन संथपणें तयारी करी, आणि तेवढ्यांत काळ्याला शर्यतींत एक दोन पावलें मिळत. आतां पांढरा तो घोडा हलवीतच नाहीं. वजिराच्या बाजूचें काम थेट सुरू होतें, आणि काळ्यानें उंटापुढचें प्यादें टाकलें रे टाकलें कीं तोच घोडा उडी मारून काळ्याच्या अंगणांत, त्याच्या दोन प्याद्यांमधल्या पोकळ घरांत जाऊन बसण्याची धमकी देतो. १९९७ सालीं नोव्हगोरोद येथें क्रामनिकनें या मार्गानें कास्पारोव्हला हरविलें. कास्पारोव्ह हा बचाव आपल्या तारुण्यापासून खेळत आलेला. त्यानें यानंतर तो जवळजवळ सोडून दिला. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत ‘डीप ब्लू’ या यंत्रानें त्याला सामन्यांत हरविलें होतें. दोन घटनांचा परस्परसंबंध नाहीं, पण एका वर्षीं घडल्या हें लक्षांत राहण्यासारखें आहे. कारण पुढें या बचावाचा दुसरा वैरी यंत्रच झालें.

नवीं यंत्रें जागेला फार मान देतात. काळ्यानें सोडलेली जागा तीं पांढऱ्याच्या खात्यावर ताबडतोब जमा करतात आणि या मांडणींत पांढऱ्याच्या पारड्यांत नेहमींपेक्षां बरेंच अधिक वजन टाकतात. शिवाय आणखी एक बारीकशी खेळी रूढ झाली आहे. पांढरा पांचव्या खेळीला राजाकडच्या हत्तीपुढचें प्यादें एकच घर सरकवितो आणि काळ्याच्या घोड्याला व उंटाला पुढचें घर नाकारतो. दिसावयास ती भित्र्याची खेळी. परंतु राजाच्या बाजूचा मुलूखही काळ्याला पुरता न देण्याची तजवीज तींत आहे. मकोगोनोव्हचें नांव तिला आहे. आजचे वरच्या दर्जाचे खेळाडू काळ्या सोंगट्यांनीं बरोबरी पुरेशी मानतात, आणि बरोबरी मिळविण्याचे याहून सुरक्षित रस्ते त्यांना पाठ आहेत. त्यांनीं हा बचाव बाजूला ठेवला याचें आश्चर्य वाटावयास नको. मधल्या काळांत रजाबोव्हनें संगिनीच्या हल्ल्यालाही उत्तरें शोधून काढलीं आणि बचावाला कांहीं वर्षें पुन्हां बरे दिवस आणले, हेंही विसरूं नये. मागें पडलेला बचाव वर येण्याची ती पहिली खेप नव्हती.

उपनगरांतला मनुष्य येथें एक दाखला देईल. पूर्वीं अंधेरीहून घाटकोपरला आगगाडीनें जावयाचें तर दादरला गाडी बदलावी लागे. २०१४ सालीं वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि दादरचा तो फेरा कोणी घेईनासें झालें. नवा रस्ता निघाला कीं जुना सुटतो, बचावांचेंही तसेंच. दाखला चटकदार आहे, पण तो लागू पडत नाहीं. अंधेरीहून घाटकोपरला जाणाऱ्याच्या वाटेंत दुसरा मनुष्य रूळ उखडीत बसलेला नसतो. पटावर तो बसलेला असतो, आणि त्यालाही रस्ता पाठ असावा लागतो. यंत्रानें दाखविलेला फायदा हा यंत्रानेंच पुढें सांभाळला तर फायदा. रविवारच्या स्पर्धेंत पंधरा मिनिटांच्या घड्याळावर, कपाळावरचा घाम पुशीत, समोरच्या मुलाला तो फायदा चाळीस खेळ्या सांभाळावयाचा असतो, आणि त्या चाळीस खेळ्यांत प्रत्येक वेळीं त्याच्याच राजाकडे प्यादीं येत असतात.

मोठ्या खेळाडूंनीं टाकलेल्या गोष्टी जवळ बाळगून कोणी कांहीं मिळविलें आहे काय? मुंबईचे प्रवीण ठिपसे यांचें उदाहरण घरचेंच आहे. राजाच्या उंटापुढचें प्यादें दुसऱ्याच खेळीला बळी देणारा ‘किंग्ज गॅम्बिट’ हा आरंभ सोळाव्या शतकांतला. वरच्या दर्जाच्या स्पर्धांतून तो केव्हांच हद्दपार झाला होता. ठिपसे तो खेळत राहिले, त्यांतले बारकावे त्यांनीं स्वतः तपासले, आणि १९९७ सालीं ते आनंद आणि दिब्येंदु बारुआ यांच्यानंतर भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. ते केवळ त्या आरंभामुळें झाले असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्या आरंभामुळें त्यांचें अडलें नाहीं, एवढें निश्चित.

तेव्हां हा बचाव कोणी खेळावा? बोरिवलीहून चर्चगेटपर्यंत रोज तासाभराचा प्रवास करणारा जो नोकरदार मनुष्य गाडींत उभ्यानें मोबाइलवर एखादा डाव खेळून घेतो, त्याला अभ्यासास सवड थोडी. त्याच्या दृष्टीनें या बचावाचा पहिला गुण हा कीं समोरचा वजिराच्या प्याद्यानें, उंटाच्या प्याद्यानें किंवा नुसत्या घोड्यानें आरंभ करो, काळ्याची मांडणी बहुतेक तीच राहते. हल्लीं उपनगरांतल्या स्पर्धांत पुष्कळजण पांढऱ्यानें दुसऱ्या तिसऱ्या खेळीलाच वजिराकडचा उंट बाहेर काढून ठरीव, निवांत मांडणी करतात. तिच्यापुढें हा कोपऱ्यांतला उंट फार चांगला उभा राहतो. राजाच्या प्याद्यानें जो आरंभ करील त्याच्यासाठीं मात्र विचार निराळा करावा लागतो. तेथें तीच मांडणी डोळे झांकून केल्यास ती दुसऱ्याच बचावांत शिरते.

पण याच गुणांतून मोठा अवगुण निपजतो, आणि शिक्षकांची तक्रार बहुधा त्याबद्दल असते. मांडणी ठरलेली म्हणून मुलें पहिल्या पांच खेळ्या समोर न पाहतां करतात. सहाव्या खेळीला मध्यावर धडक मारावयाची असते, ती मारीत नाहींत. उंट आपल्याच प्याद्यामागें कोंडून पडतो, सोंगट्यांची गर्दी होते, आणि पांढरा सावकाश गळा आवळतो. अशा डावाला बचाव हरला असें म्हणतात. वास्तविक तेथें बचाव खेळलाच गेलेला नसतो. जागा सोडण्याचा मोबदला धडकेंत आहे. धडक नसेल तर तें केवळ दान झालें.

दुसरी अडचण स्वभावाची आहे. पांढऱ्याला भांडण नको असेल तर तो मध्यांतलीं प्यादीं आणि वजीर मारून टाकतो. काळ्याचें तसें कांहीं बिघडत नाहीं. पण ज्या मुलानें केवळ राजावरच्या हल्ल्यासाठीं हा बचाव घेतला, त्याच्यापुढें अकराव्या खेळीलाच वजीर नसलेला कोरडा डाव येतो. तो तेथें कंटाळतो आणि हरतो. हा बचाव खेळणाऱ्याला शेवटचा डाव आला पाहिजे, ही गोष्ट कोणत्याही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लिहिलेली नसते. तिसरी अडचण पांढऱ्या घरांवरून फिरणाऱ्या काळ्याच्या उंटाची. तो मूळच्या घरींच बसलेला, निरुपयोगी वाटणारा उंट पुष्कळजण घाईनें घोड्यासाठीं देऊन टाकतात. महेशचंद्रांनीं तो फार लवकर बाहेर काढला होता खरा. परंतु मध्यभाग बंद झालेल्या मार देल प्लाता शाखेंत शेवटीं पांढऱ्या राजापुढचीं प्यादीं फोडण्यासाठीं बळी जाणारा तोच असतो. तो गेला कीं इतर प्यादीं राजाच्या दारापर्यंत जाऊन नुसतीं उभीं राहतात.

ज्या मुलामुलींना राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर जावयाचें आहे, दीर्घ वेळेचे डाव खेळावयाचे आहेत आणि समोरचा घरून यंत्रावर तयारी करून येणार आहे, त्यांनीं एवढ्या एकाच बचावावर विसंबूं नये. संगिनीचा हल्ला आणि हत्तीपुढच्या प्याद्याची ती एकघरी खेळी, या दोहोंना उत्तरें तयार असल्याशिवाय पहिल्या पटावर तो काढूंच नये. पण बरोबरी पुरत नाहीं, काळ्या सोंगट्यांनींच जिंकावें लागणार आहे, अशी शेवटची फेरी प्रत्येक स्पर्धेंत कोणाच्या तरी वांट्याला येते. त्या दिवशीं सुरक्षित रस्ते पाठ असून भागत नाहीं. तेव्हां हा बचाव ज्याच्या संग्रहीं असेल त्याच्यापाशीं निदान भांडण सुरू करण्याचें साधन असतें.

आणि ज्याला घरच्या अंगणांत, मंडळाच्या खोलींत किंवा रविवारच्या स्पर्धेंत खेळावयाचें आहे, त्यानें बेधडक खेळावा. फक्त एक करावें. मध्यभाग बंद होईपर्यंतच्या आठ खेळ्या पटावर मांडाव्या, मग पट फिरवून पांढऱ्याच्या बाजूनें एखाद्या मित्राशीं दहा डाव खेळून पाहावे. काळीं प्यादीं आपल्या राजाकडे येतांना कोणत्या खेळीला छातींत धस्स होतें आणि कोणत्या खेळीला होत नाहीं, तें कागदावर टिपून ठेवावें. मग पट पुन्हां फिरवावा आणि तो कागद जवळ घेऊन काळ्या सोंगट्या मांडाव्या.